एका डॉलरची जमीन

अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स या शहराच्या शिक्षण मंडळाने २८ एप्रिल १९५३ रोजी एक जमीन विकत घेतली. जमीन होती १६ एकर. तिच्यावर प्राथमिक शाळा बांधायची होती. विकणारी होती हुकर इलेक्ट्रोकेमिकल ही रसायने बनवणारी कंपनी. आणि किंमत? फक्त एक डॉलर!

शहरातली १६ एकर जमीन एका डॉलरला मिळते म्हटल्यावर कोणाच्याही मनात पहिला प्रश्न येईल : का बरे? या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नव्हते. ते खरेदीखतातच लिहिलेले होते. या जागेत रासायनिक कारखान्यातील टाकाऊ पदार्थ भरलेले आहेत, याची खरेदीदाराला कल्पना दिली आहे आणि पुढे त्यामुळे कोणाला इजा झाली किंवा नुकसान झाले तर त्याची जबाबदारी कंपनीवर राहणार नाही, अशा अर्थाचे एक कलम त्यात होते. मंडळाने त्याखाली सही केली. १९५५ साली तिथे शाळा सुरू झाली.

आज अमेरिकेत एखादे दुकान, गोदाम, कारखाना किंवा मोकळा भूखंड विकत घेणारा माणूस सही करण्यापूर्वी एक पर्यावरण सल्लागार नेमतो. हा सल्लागार त्या जमिनीचा आजवरचा इतिहास खणून काढतो आणि लेखी अहवाल देतो. अहवाल हाती आल्याशिवाय बँक सहसा कर्ज मंजूर करत नाही. ही पद्धत कशी रूढ झाली, हे समजून घ्यायचे तर त्या एका डॉलरच्या जमिनीपासूनच सुरुवात करावी लागते.

अर्धवट राहिलेला कालवा

१८९० च्या दशकात विल्यम लव्ह नावाच्या उद्योजकाने नायगारा नदीच्या काठी एक आदर्श नगर वसवण्याचा बेत आखला. धबधब्याच्या वरच्या अंगाचे पाणी कालव्याने खालच्या अंगाला न्यायचे, मधल्या उतारावर वीज तयार करायची आणि त्या विजेवर कारखाने चालवायचे, अशी त्याची कल्पना होती. त्या काळी वीज वापरली जाई ती मुख्यतः दिष्ट प्रवाहाची. ती फार दूर नेता येत नसे. म्हणून कारखान्यांना विजेच्या जवळ येणे भाग होते. लव्हचा सगळा हिशोब यावर बेतलेला होता.

पण १८९३ साली अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली आणि पैसा आटला. शिवाय विजेचे तंत्रही बदलले. प्रत्यावर्ती प्रवाहाची वीज दूरवर नेता येऊ लागली. १८९६ साली नायगाऱ्याची वीज तारांमधून थेट बफेलो शहरात पोहोचली. आता विजेसाठी नदीकाठी येण्याची गरज उरली नाही. लव्हचे नगर कागदावर राहिले आणि जमिनीत राहिला सुमारे एक किलोमीटर लांबीचा खंदक. लोक त्याला लव्ह कॅनॉल, म्हणजे लव्हचा कालवा, म्हणू लागले. त्यात पाणी साचे. उन्हाळ्यात मुले त्यात पोहत, हिवाळ्यात बर्फावर घसरत.

स्वस्त विजेमुळे नायगारा फॉल्सला दुसऱ्याच प्रकारचे कारखाने आले. मिठाच्या संपृक्त द्रावणाचे विद्युत अपघटन आपण नववी-दहावीच्या वर्गात शिकवतो. धनाग्राशी क्लोरिन, ऋणाग्राशी हायड्रोजन आणि द्रावणात उरतो कॉस्टिक सोडा. हुकर कंपनीचा पाया हीच अभिक्रिया होती. क्लोरिन हाताशी असला की त्यापासून कितीतरी सेंद्रिय संयुगे बनवता येतात. त्यातलेच एक लिंडेन हे कीटकनाशक. बेंझिनवर क्लोरिनची क्रिया केली की जे मिश्रण मिळते ते बीएचसी. ‘गॅमेक्झीन’ या नावाने ते आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्याही ओळखीचे होते. कीटक मारण्याचा गुण असतो तो या मिश्रणातल्या एकाच समघटकात, आणि त्याचे प्रमाण थोडे असते. तो वेगळा काढून घेतला की बाकीचा मोठा भाग टाकाऊ ठरतो. तो टाकायचा कुठे?

कंपनीला लव्हचा कालवा सोयीचा वाटला. तळाशी आणि बाजूंना चिकणमाती होती, वस्ती विरळ होती. १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २० हजार टन रासायनिक कचरा या खंदकात गेला. त्यात लिंडेनच्या उत्पादनातला गाळ होता, क्लोरोबेंझिने होती, ट्रायक्लोरोफिनॉल बनवताना उरलेला आणि डायॉक्सिनचा अंश असलेला कचराही होता. काही पिंपांतून, काही तसाच. वर मातीचा थर देऊन खड्डा बुजवण्यात आला. त्या काळच्या कायद्याने याला कुठलीच आडकाठी नव्हती, हे लक्षात ठेवायला हवे. पुढच्या वादाचे मूळ इथेच आहे.

हौद भरला

शाळेच्या बांधकामाच्या वेळीच खोदताना पिंपे लागली. वास्तुरचनाकाराने मंडळाला तसे कळवले. इमारतीची जागा थोडी सरकवण्यात आली आणि काम पुढे चालू राहिले. १९५७ साली आसपासची जमीन घरांसाठी विकायचा विचार निघाला, तेव्हा कंपनीचा वकील मंडळापुढे गेला आणि इथे खोदकाम करणे योग्य नाही, असे त्याने सांगितले. तरीही खंदकाच्या दोन्ही बाजूंनी घरे उठत गेली. रस्ते झाले, सांडपाण्याचे नळ टाकले गेले. ते टाकताना चिकणमातीच्या भिंती जागोजाग फोडल्या गेल्या. घरे घेणाऱ्यांना परसात काय आहे याची गंधवार्ताही नव्हती. खरेदीखतातले ते कलम शिक्षण मंडळाच्या दप्तरात होते, त्यांच्या हातात नव्हते.

चिकणमातीतून पाणी सहज झिरपत नाही, म्हणून तो खंदक कचऱ्याला सुरक्षित मानला गेला होता. पण याच गुणाची दुसरी बाजूही आहे. वरचा थर भेगाळला, खणला गेला की पावसाचे पाणी आत शिरते. तळातून मात्र ते बाहेर जाऊ शकत नाही. म्हणजे खंदकाचा हौद होतो. हौद भरला की तो काठावरून वाहू लागतो. १९७० च्या दशकात पाऊस आणि बर्फ भरपूर पडला आणि नेमके हेच झाले. लोकांच्या तळघरांतून काळा, उग्र वासाचा द्रव पाझरू लागला. शाळेच्या मैदानात गंजकी पिंपे वर आली. खेळून आलेल्या मुलांच्या हातापायांवर चट्टे उठू लागले. १९७६ पासून स्थानिक वृत्तपत्राने हा विषय लावून धरला.

२ ऑगस्ट १९७८ रोजी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी आणीबाणी जाहीर केली. शाळा बंद करावी, खंदकाजवळच्या घरांतील गर्भवती स्त्रियांनी आणि दोन वर्षांखालील मुलांनी जागा सोडावी, असे त्यांनी सांगितले. शाळेत त्या वेळी सुमारे ४०० मुले शिकत होती. पाचच दिवसांनी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी केंद्राची मदत जाहीर केली. पहिल्या दोन ओळींतल्या २३९ कुटुंबांना हलवण्यात आले.

पुढच्या ओळींतल्या लोकांचे काय? तुम्हाला धोका नाही, असे त्यांना सांगण्यात आले. लोइस गिब्ज या गृहिणीचा मुलगा त्याच शाळेच्या बालवर्गात होता. तिने दारोदार जाऊन कोणाच्या घरी कोणते आजार आहेत याची नोंद केली आणि नकाशावर खुणा केल्या. खुणा खंदकाजवळ दाट आणि लांब विरळ अशा दिसायला हव्या होत्या. तशा त्या दिसल्या नाहीत. त्या काही विशिष्ट ओळींत दिसत होत्या. मग जुन्या रहिवाशांच्या आठवणी आणि जुनी छायाचित्रे पुढे आली. वस्ती होण्यापूर्वी त्या भागातून ओहोळ वाहत असत. घरे बांधताना ते भर घालून बुजवले गेले होते. खुणा बऱ्याच अंशी त्या बुजलेल्या ओहोळांच्या वाटेवर येत होत्या. बेव्हर्ली पेगन या शास्त्रज्ञ बाईंनी ही माहिती शास्त्रीय पद्धतीने मांडली.

गृहिणींनी गोळा केलेली माहिती म्हणून अधिकाऱ्यांनी आधी ती बाजूला सारली. पण फेब्रुवारी १९७९ मध्ये राज्याने पुढच्या रस्त्यांवरच्या गर्भवती स्त्रियांनाही जागा सोडण्याचा सल्ला दिला. राज्याच्याच संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जुन्या ओहोळांच्या पट्ट्यात कचरा टाकण्याच्या काळात जन्मलेल्या मुलांमध्ये कमी वजनाचे प्रमाण जास्त आढळले. दुसरीकडे, पुढे बऱ्याच वर्षांनी केलेल्या पाहणीत तिथल्या माजी रहिवाशांमध्ये कर्करोगाचे एकूण प्रमाण मात्र वाढलेले दिसले नाही. जमिनीतल्या विषाचा शरीराशी संबंध सिद्ध करणे किती अवघड असते, हे यावरून दिसते. पण शिक्षकांना या प्रसंगातून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. पाणी कुठून येते हे जमिनीच्या वरून पाहून कळले नाही. ते जमिनीच्या इतिहासावरून कळले.

खर्च कोणाचा?

२१ मे १९८० रोजी दुसऱ्यांदा आणीबाणी जाहीर झाली आणि आणखी शेकडो कुटुंबे हलली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली. तो ‘सुपरफंड’ कायदा म्हणून ओळखला जातो. जमिनीत विषारी पदार्थ सापडले तर सफाईचा खर्च कोणी द्यायचा, हे त्याने ठरवले. कचरा टाकणाऱ्याने तर द्यायचाच, पण जमिनीच्या आजच्या मालकानेही द्यायचा. चूक कोणाची, हा प्रश्नच विचारायचा नाही. कचरा टाकला तेव्हा ते कायदेशीर होते, हा बचावही चालणार नाही. अनेक जण जबाबदार असतील तर सगळा खर्च त्यातल्या एकाकडूनही वसूल करता येईल.

कायदा कडक होता, आणि त्याचा अर्थ लोकांना कळला तो न्यायालयांच्या निकालांतून. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर शोअर रिअल्टी नावाच्या कंपनीने १९८३ साली घरे बांधण्यासाठी जमीन घेतली. तिथे टाक्यांमध्ये आणि पिंपांमध्ये सुमारे ७ लाख गॅलन रसायने होती. कंपनीने त्यातला थेंबही टाकलेला नव्हता. तरी १९८५ साली वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की मालक आहात, तर खर्चही तुमचा. या खटल्यातली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जमीन घेण्यापूर्वी कंपनीने सल्लागार नेमला होता. जागेची अवस्था धोकादायक आहे आणि सफाईला साडेसहा लाख ते दहा लाख डॉलरहून अधिक खर्च येईल, असे त्याने आधीच सांगितले होते. सल्लागाराने आपले काम केले होते. ऐकणाऱ्याने केले नाही.

मग बँकांची पाळी आली. मेरीलँड राज्यातल्या एका बँकेने एका शेतजमिनीवर ३ लाख ३५ हजार डॉलर कर्ज दिले होते. कर्ज फिटले नाही म्हणून बँकेने ती जमीन लिलावात स्वतःच घेतली. तिथे रसायनांची पिंपे पुरलेली निघाली. सरकारने ती काढली आणि साडेपाच लाख डॉलरचे बिल बँकेला पाठवले. १९८६ साली न्यायालयाने ते योग्य ठरवले. तारणाच्या जमिनीमुळे कर्जापेक्षा मोठा खर्च अंगावर येऊ शकतो, हे देशभरच्या बँकांना एका निकालात समजले.

त्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १९८६ रोजी, कायद्यात दुरुस्ती झाली. ज्याने जमीन घेण्यापूर्वी तिच्या पूर्वीच्या मालकीची आणि वापराची ‘सर्व योग्य ती चौकशी’ केली आणि तरीही ज्याला काही कळले नाही, त्याला निर्दोष मानायचे. ही चौकशी पुरेशी होती की नाही हे ठरवताना न्यायालयाने काय पाहायचे, तेही सांगितले होते. खरेदीदाराचे ज्ञान, जागेवर सहज दिसणाऱ्या खुणा आणि आणखी एक गोष्ट : जमीन निर्मळ असती तर तिची जी किंमत झाली असती, तिच्याशी प्रत्यक्ष दिलेल्या किमतीचे नाते.

म्हणजे ‘एवढी स्वस्त का बरे?’ हा प्रश्न आता कायद्याचा झाला. लव्ह कॅनॉलच्या खरेदीखतानंतर ३३ वर्षांनी.

जमिनीचा इतिहासकार

‘सर्व योग्य ती चौकशी’ म्हणजे नेमके काय? सुरुवातीला कोणालाच माहीत नव्हते. कोणी जागेवर चक्कर मारून पानभर मजकूर लिहून देई, कोणी जाडजूड बाड देई. शेवटी प्रमाणके ठरवणाऱ्या ‘एएसटीएम’ या संस्थेने १९९३ साली चौकशीची पद्धत लिहून काढली. तिच्यात वेळोवेळी सुधारणा होत गेल्या. त्यांतली २०२१ ची आवृत्ती सरकारने मान्य केलेली आहे. २००२ साली कायद्यात पुन्हा दुरुस्ती झाली आणि तिच्या आधारे केलेले सरकारी नियम १ नोव्हेंबर २००६ पासून लागू झाले.

या चौकशीला पहिला टप्पा म्हणतात. गंमत अशी की या टप्प्यात मातीचा कणही तपासला जात नाही. काम चार प्रकारचे असते. जुनी कागदपत्रे पाहायची, जागेची पाहणी करायची, माहीतगार माणसांशी बोलायचे आणि अहवाल लिहायचा. कागदपत्रांतून किती मागे जायचे? त्या जागेचा शेतीसाठी वा बांधकामासाठी पहिल्यांदा वापर झाला तिथपर्यंत किंवा १९४० पर्यंत, यातले जे आधीचे असेल तिथवर.

हे काम करणाऱ्यांच्या हाती एक अनपेक्षित खजिना लागला. डॅनियल सॅनबॉर्न याने १८६७ साली अग्निविम्यासाठी शहरांचे नकाशे काढणारी संस्था सुरू केली होती. इमारतीला आग लागण्याचा धोका किती, हे विमा कंपनीला घरबसल्या कळावे म्हणून हे नकाशे असत. ५० फुटांना एक इंच असे मोठे प्रमाण. विटांची इमारत गुलाबी, लाकडाची पिवळी. आत कारखाना आहे की दुकान, तेलाची टाकी कुठे, रंगांची कोठी कुठे, सगळे लिहिलेले. सुमारे १२ हजार गावांचे असे नकाशे निघाले आणि दर काही वर्षांनी ते सुधारले गेले. आगीच्या भीतीने काढलेले नकाशे शंभर वर्षांनी भूजलाच्या काळजीसाठी उपयोगी पडले! सॅनबॉर्नच्या आरेखकांना याची कल्पनाही नसेल.

समजा, एका जुन्या पेठेतली दुकानांची ओळ कोणाला विकत घ्यायची आहे. आज तिथे पुस्तकांचे दुकान आणि न्हाव्याचे दुकान आहे. जमीन दिसायला स्वच्छ. सल्लागार १९३० चा नकाशा काढतो. कोपऱ्यावर एक लहान वर्तुळ आणि शेजारी पेट्रोलची खूण. म्हणजे तिथे पंप होता. मग तो शहराची जुनी डिरेक्टरी पाहतो. या पुस्तकांत रस्त्यावरच्या प्रत्येक क्रमांकाला कोण राहतो, कोणता धंदा करतो, याची वर्षवार नोंद असते. १९५८ ते १९७१ या काळात मधल्या गाळ्यात ड्रायक्लीनिंगचे दुकान होते असे दिसते. हवाई छायाचित्रांत मागच्या अंगणात पिंपे रचलेली दिसतात. शेजारचे वृद्ध दुकानदार सांगतात, ‘हो, मागच्या दाराने घाण पाणी सोडत असत.’ चित्र पुरे होते.

आता रसायनशास्त्र पुढे येते. पेट्रोलमधले बेंझिन पाण्यापेक्षा हलके असते. ते भूजलापर्यंत पोहोचले की पाण्याच्या पृष्ठभागाजवळ पसरते. ड्रायक्लीनिंगसाठी वापरले जाणारे टेट्राक्लोरोएथिलिन पाण्याच्या १.६ पट जड. ते पाण्यातून खाली उतरत जाते आणि चिकणमातीच्या किंवा खडकाच्या थरावर साचते. तिथून ते वर्षानुवर्षे थोडे थोडे विरघळत राहते. म्हणजे पंपाच्या जागेचे भोक आणि ड्रायक्लीनरच्या जागेचे भोक सारख्या खोलीचे घेऊन चालणार नाही. इतिहास माहीत नसेल तर कुठे खणायचे, किती खोल जायचे आणि प्रयोगशाळेला काय शोधायला सांगायचे, हेच ठरत नाही. मग एखादा नमुना ‘स्वच्छ’ निघाला तरी त्याचा अर्थ काहीच नसतो. पहिल्या टप्प्यात संशयाला जागा निघाली तरच दुसरा टप्पा येतो आणि तेव्हा माती व पाणी यांचे नमुने घेतले जातात.

विज्ञान आणि इतिहास हे दोन वेगळे विषय आहेत, असे आपण शाळेच्या वेळापत्रकामुळे मानतो. या कामात पहिला तास इतिहासाचा असतो आणि दुसरा रसायनाचा.

सल्लागार कोणाचा?

असा सल्लागार नेमताना काय पाहायचे? २००६ पासून लागू असलेल्या नियमांत पात्रता ठरवून दिली आहे. परवानाधारक अभियंता किंवा भूवैज्ञानिक असेल तर या कामाचा पूर्णवेळ तीन वर्षांचा अनुभव हवा, विज्ञान वा अभियांत्रिकीची पदवी असेल तर पाच वर्षांचा, पदवी नसेल तर दहा वर्षांचा. अनुभवाला पदवीच्या बरोबरीचा मान दिलेला आहे, हे आपण मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. सही करणारा माणूस पात्र हवा, इतकेच नव्हे तर काम त्याच्या देखरेखीखाली झालेले हवे.

पण पात्रतेपलीकडे काही साध्या गोष्टी आहेत. प्रश्न विचारण्याची जबाबदारी फक्त सल्लागाराची नाही. जमिनीवर सफाईच्या खर्चाचा बोजा आहे का, आपल्याला त्या जागेबद्दल काय ठाऊक आहे, किंमत कमी का आहे, हे खरेदीदाराने स्वतः पाहायचे असते. विकणाऱ्याने करून घेतलेला जुना अहवाल हाती आला म्हणून काम भागत नाही. चौकशीतल्या मुख्य गोष्टी खरेदीच्या आधीच्या १८० दिवसांतल्या असाव्या लागतात. शिवाय पहिल्या टप्प्यात काय येत नाही, तेही माहीत हवे. इमारतीतले ॲस्बेस्टॉस, रंगातले शिसे, भिंतींवरची बुरशी या गोष्टी त्यात आपोआप येत नाहीत. त्या वेगळ्या सांगाव्या लागतात. आणि चांगल्या अहवालाची खूण कोणती? ज्या वर्षांची माहिती मिळाली नाही, ती मिळाली नाही असे तो स्पष्ट लिहितो. चांगल्या इतिहासकाराची खूणही हीच.

मात्र इथे एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. सल्लागाराला पैसे देतो खरेदीदार. अहवालही त्याचाच. व्यवहार व्हावा असे विकणाऱ्याला वाटते, दलालाला वाटते, पुष्कळदा घेणाऱ्यालाही वाटते. स्वस्तात आणि झटपट काम करून देणारा सगळ्यांना सोयीचा असतो. शिवाय ही सगळी व्यवस्था उभी राहिली ती खरेदीदाराला खर्चापासून वाचवण्यासाठी. अहवाल लिहिला म्हणून जमीन साफ होत नाही. शेजारच्या घरात राहणाऱ्या मुलाला तो वाचायला मिळेलच असेही नाही. २००२ च्या दुरुस्तीने यातले थोडे बदलले. जमीन दूषित आहे हे माहीत असूनही ती घेणाऱ्याला संरक्षण मिळू लागले, पण त्यासाठी अट घातली. विष आणखी पसरू नये म्हणून त्याने वाजवी उपाय केले पाहिजेत आणि सफाई करणाऱ्यांना सहकार्य केले पाहिजे. म्हणजे नुसते माहीत असणे पुरेसे नाही, माहितीला साजेसे वागलेही पाहिजे.

लव्ह कॅनॉलची खरी शिकवण हीच आहे. तिथे माहिती नव्हती असे नाही. खरेदीखतात ती होती, वास्तुरचनाकाराच्या पत्रात होती, वकिलाच्या बोलण्यात होती. ती ज्यांच्या मुलांना त्या मैदानात खेळायचे होते, त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. दोष कोणाचा, यावर पुढे अनेक वर्षे खटले चालले. हुकर कंपनी ज्या ऑक्सिडेंटल कंपनीने विकत घेतली होती, तिने १९९५ साली केंद्र सरकारला १२ कोटी ९० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. शाळा पाडून टाकण्यात आली. खंदक कायमचा झाकून त्याभोवती कुंपण घालण्यात आले. २००४ साली ही जागा सफाईच्या राष्ट्रीय यादीतून काढली, पण झिरपणारे पाणी गोळा करून शुद्ध करण्याचे काम त्यानंतरही चालूच ठेवावे लागले. कचरा तिथेच आहे.

या प्रकरणातून शाळांनाही काही मिळाले. कॅलिफोर्नियात २००० सालापासून सरकारी मदतीने नवी शाळा बांधायची तर जागेची पहिल्या टप्प्याची चौकशी सक्तीची आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली शाळेची जागा कशी निवडावी यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.

आपल्या शाळेची जमीन

आपल्याकडे जमीन घेताना सातबारा पाहतात, फेरफार पाहतात, बोजा पाहतात. जमीन कोणाची होती, तिच्यावर कोणते पीक होते, हे त्यातून कळते. तिच्या पोटात काय आहे, हे त्यात लिहिलेले नसते. भारत सरकारने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जाहीर केले. अशी स्थळे शोधायची कशी, तपासायची कशी आणि खर्च कोणाकडून घ्यायचा, हे त्यात ठरवले आहे. पण नियम कितीही असले तरी प्रश्न विचारणारी माणसे लागतात, आणि ती शाळेत तयार होतात.

आठवी-नववीच्या मुलांना घेऊन एक उपक्रम करून पाहता येईल. आपली शाळा आज जिथे उभी आहे, तिथे पन्नास वर्षांपूर्वी काय होते? शेत, विहीर, वखार, विटांची भट्टी, तेलाची गिरणी की कचऱ्याचा उकिरडा? मुलांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे, जुने फोटो मिळवावेत, ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या दप्तरात काय मिळते ते पाहावे. बुजवलेले ओढे आणि विहिरी नकाशावर दाखवाव्यात. जिथे माहिती मिळाली नाही, तिथे प्रश्नचिन्ह काढावे, रिकामी जागा सोडू नये. दोन मुलांना मिळालेली माहिती जुळली नाही तर कोणाची खरी, हे कशावरून ठरवायचे याची वर्गात चर्चा व्हावी. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

असा नकाशा तयार झाला की तो कपाटात ठेवू नका. शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावा. नायगारा फॉल्सच्या शिक्षण मंडळाकडेही कागद होता. तो भिंतीवर नव्हता, एवढेच.